बारा पावलांपलीकडचा आड

"…पण मग ती माणसं थांबत का नाहीत, बाबा?"

सकाळपासून ओजसनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

बाबालाल फकीर वाख विंचरत बसले होते. घायपाताच्या त्या पांढरट लांब तारा फणीतून ओढायच्या, झटकायच्या, मांडीशी ठेवायच्या आणि दुसरी जुडी उचलायची. त्यांनी प्रश्न ऐकला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, मी काय विचारतोय…"

"ऐकलं."

एवढंच. पुन्हा फणी सुरू.

ओजस गुंजाळला अशा वागणुकीची सवय नव्हती. पुण्यात गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो कामाला होता आणि तिथं त्याचा शब्द खाली पडत नसे. त्याचं काम स्क्रिप्ट लिहिण्याचं. स्क्रिप्ट म्हणजे गेममधल्या जगाला लिहून दिलेल्या सूचना. खेळणारा अमुक ठिकाणी आला की दार उघड, तमुक बोलला की म्हातारी हसू दे, पाऊल वाजलं की कबुतरं उडव. अशा हजारो सूचना एकावर एक रचल्या की पडद्यावर एक जग उभं राहतं. वय तेहतीस, आणि आपल्याइतकं चांगलं हे कुणी लिहीत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

त्यानं जे जग उभं केलं होतं त्याचं नाव उंबरवेस. तीनशे वर्षांपूर्वीचं, घाटवाटेवरचं एक गाव. खेळणाऱ्यानं जासूद व्हायचं, कमरेला खलिता बांधून वेशीतून आत शिरायचं आणि त्या गावात हरवून जायचं.

अडचण अशी, की कुणी हरवत नव्हतं.

बाहेरची माणसं बोलावून गेम खेळवून बघायची पद्धत असते. त्याप्रमाणे तीनदा माणसं आली. "वा, काय सुंदर!" म्हणाली आणि आठ-दहा मिनिटांत चहाचं विचारत उठली. भूगोल शिकवणाऱ्या होनरावबाई तर सातव्या मिनिटालाच उठल्या. कंपनीचे साहेब त्या दिवशी खोलीत होते. ते म्हणाले, "आता पंधरा दिवसांनी शेवटचं बघू. तेव्हाही असंच झालं, तर उंबरवेस बंद."

अडीच वर्षांचं काम होतं ते. एकशे त्रेचाळीस माणसं होती त्या गावात, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, चाल वेगळी. ओजसला सगळ्यांची नावं पाठ होती. ती सगळी एका बटणासरशी पुसली जाणार होती.

मैथिली त्याच कंपनीत आवाजाचं काम करायची. उंबरवेशीच्या आडावर वाजणारी कप्पी तिनं या मोरदऱ्याच्या जुन्या घाटवाटेवर, फकिराच्या तकियाशी येऊन टिपली होती. तिनंच सांगितलं, "एक दिवस जाऊन बस तिथं. बाबांना काही विचारू मात्र नकोस."

अर्थात, ओजस आल्या आल्या विचारत सुटला.

सकाळी नऊ वाजता तो घाट चढून वर पोचला होता. नवा रस्ता डोंगराच्या पलीकडून गेल्यापासून ही वाट ओस पडली होती. चिंचेखाली कुडाची एक खोली, पुढं शेणानं सारवलेला ओटा आणि ओट्यापासून पाचपन्नास हातांवर दगडी काठाचा आड. घाटमाथ्यावरचा हा फकिराचा विसावा, म्हणून त्याला तकिया म्हणत.

आडाच्या काठावर पोहरा भरून ठेवलेला होता. काठोकाठ.

घशाला कोरड पडलेली. ओजस पोटभर प्याला, उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं, मान भिजवली, रिकामा पोहरा काठावर पालथा घातला आणि ओट्याकडं आला.

बाबालालांनी त्याला 'ये' म्हटलं नाही आणि 'कोण' असंही विचारलं नाही. ते उठले, आडापाशी गेले, पोहरा आत सोडला. कप्पी करकरली. भरलेला पोहरा त्यांनी काठावर होता तिथं ठेवला आणि परत येऊन वाख हातात घेतला.

"तो मघाचा पोहरा तुम्हीच भरून ठेवला होता का?" ओजसनं बोलायला सुरुवात म्हणून विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"कुणीतरी येऊन गेलं असंल."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

यावर फणीच तेवढी चालली.

*

दुपारी ऊन चिंचेच्या बुंध्याशी आलं तेव्हा ओजसचा धीर सुटला. त्यानं बॅग उघडली, लॅपटॉप ओट्यावर मांडला आणि गेम खेळायचा कंट्रोलर बाबालालांच्या हातात दिला.

"तुम्ही स्वतः बघा. मग बोला."

बाबालालांनी वाख बाजूला ठेवला. कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिला. हा अंगठा पुढं ढकलला की माणूस चालतो, हा फिरवला की मान वळते, एवढं ओजसनं दाखवलं. म्हाताऱ्याचे हात दोर वळणारे. दोन मिनिटांत जासूद झोकात चालायला लागला.

उंबरवेशीचा दरवाजा उघडला. पहारेकरी पुढं झाला. "राम राम, जासूद! तुमचीच वाट पाहत होतो."

लोहारानं हातोडा खाली ठेवला. "बरं झालं आलात! माझी शेळी हरवलीय, तेवढी शोधून द्या."

ओसरीवरची म्हातारी उठली. "लेकरा, तुझ्यासाठीच भाकरी झाकून ठेवलीय बघ."

पारावरचे चौघं वळले. विहिरीवरच्या बायका वळल्या. कुत्रंसुद्धा शेपूट हलवत आलं.

बाबालाल खुदकन हसले.

"काय झालं?"

"मंत्री येणार म्हणून उभं केलंय व्हय हे गाव?"

ओजसला हसू आलं नाही.

बाबालालांनी जासुदाला बाजारातून बाहेर काढलं, एका घराच्या मागच्या भिंतीपाशी नेलं आणि भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मग दोन्ही अंगठे उचलले.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. पडद्यावर मातीची भिंत.

"बाबा, तिकडं काही नाहीये."

"आसू दे."

"मागं वळा ना. मागं बाजार आहे, नाच्यांचा फड आहे…"

"माझ्या मागं आत्ता काय चाललंय?"

ओजसची छाती फुगली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो अडीच वर्षं थांबला होता.

"काहीच नाही!" तो म्हणाला. "हीच तर खरी कारागिरी आहे, बाबा. तुमची नजर नाही तिथं गावच नाही. तुम्ही बारा पावलांच्या आत आलात की माणूस जागा होतो. हसतो, बोलतो, काम सांगतो. तुमची पाठ फिरली, की आहे तिथं थिजतो. मशीनवर भार नाही, काही नाही. सगळे माझ्याकडून शिकतात हे."

"आणि आड?"

"आडाचंही तेच. बारा पावलांवर आलात, की पोहरा आपोआप भरून वर."

"भरतं कोण?"

"कुणी नाही. तसं मी लिहिलंय."

"हं…"

वाऱ्यानं चिंचेचा पाला ओट्यावर पडला. बाबालालांनी तो लॅपटॉपवरून हातानं झाडला.

"तुझ्या या माणसास्नी घरचं काम न्हाय?"

"त्यांचं काम म्हणजे खेळणारा. त्याच्यासाठीच तर केलीयत ती."

बाबालालांनी कंट्रोलर जपून ओट्यावर ठेवला, कुणाच्या तरी लेकराचं खेळणं ठेवावं तसा. मग उठून कुडाच्या खोलीतून एक लाकडी आकडा आणला, वाखाच्या तारा त्यात अडकवल्या आणि तो आकडा ओजसच्या हातात दिला.

"फिरव."

"बाबा, माझ्या प्रश्नाचं…"

"आडाचं पाणी खाली गेलंय. दोर आखूड पडाय लागलाय. फिरव."

ओजसला राग आला. स्पष्टच सांगायचं तर अपमान वाटला. ज्याच्यासमोर बसून शिकायला पोरं दुरून येतात, त्याला या म्हाताऱ्यानं उत्तर द्यायचं सोडून दोर वळायला लावावं! पण आकडा हातात आला होता आणि तारांचं दुसरं टोक बाबालालांच्या चिमटीत ताणलेलं होतं. सोडला असता तर सगळं विस्कटलं असतं.

त्यानं आकडा फिरवला. तारांना पीळ बसला. बाबालालांनी नवीन वाख जोडला.

"आता एक पाऊल मागं."

दोर वाढेल तसं वळणाऱ्यानं मागं सरकायचं असतं. तोंड दोराकडं आणि पाठ वाटेकडं. ओजस एक पाऊल मागं सरला. आणखी एक. पहिली दहा पावलं त्यानं चारदा मान वळवली.

"मागं बघू नको. पीळ सुटंल."

"ठेच लागली म्हणजे?"

"वाट हाय तिथंच हाय."

काही वेळानं हाताला लय सापडली. फिरवायचं, ताण धरायचा, सरायचं. बाबालाल लांब लांब होत गेले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि मग त्याच्या पाठीमागं घंटा वाजल्या.

शेळ्यांच्या गळ्यातल्या. चार असतील, पाच असतील. दगडावर खुरांची टकटक. मग एका बाईचा आवाज: "ए भवाने, तिकडं कुठं? मार खाशील."

ओजसची मान अर्धी वळली.

"पीळ!" तिकडून बाबालाल म्हणाले.

त्यानं मान सरळ केली.

मागं कप्पी करकरली. पोहरा खाली गेला, खूप खाली गेला आणि पाण्याला लागल्याचा आवाज झाला. बाई ओढताना दमानं हुंकारत होती. पाणी ओतल्याचा आवाज झाला. शेळ्या प्यायल्या. बाईनं कुणाला तरी, बहुधा शेळीलाच, सासूबद्दल काहीतरी सांगितलं आणि स्वतःच हसली. कप्पी पुन्हा वाजली. पोहरा दगडावर टेकला. घंटा लांब गेल्या…

या सगळ्यात ओजसकडं कुणीही पाहिलं नव्हतं. कुणी राम राम घातला नाही, हरवलेली शेळी शोधून द्या म्हणालं नाही. त्याच्या पाठीमागं एक अख्खं गाव येऊन, पाणी पिऊन, सासूला नावं ठेवून निघून गेलं होतं आणि त्यातल्या कुणाचंच त्याच्यावाचून अडलं नव्हतं.

तो आकडा फिरवत राहिला.

दोर पुरा झाल्यावर, टोकांना गाठी बसल्यावरच बाबालालांनी मान हलवली. ओजस एकदम वळला.

वाट रिकामी होती. आडाचा काठ ओला होता. काठावर पोहरा होता, भरलेला, आणि त्यातलं पाणी स्थिर झालेलं होतं.

"कोण होती ती?"

बाबालाल दोर चिंधीनं घासत होते.

"बाबा, कोण आली होती?"

"तू तिकडंच व्हतास. मी म्हातारा, मला लांबचं दिसत न्हाय."

ओजसनं घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजले होते. त्याला खरं वाटेना. दुपारचं जेवणसुद्धा झालं नव्हतं आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"सकाळी नऊला आलास न्हवं तू?" बाबालालांनी विचारलं.

"हो."

"मी तुला ये म्हणालो?"

"…नाही."

"बस म्हणालो?"

"नाही."

"च्या दिला?"

"नाही, बाबा."

"मग थांबलास कशापायी?"

ओजसनं हातातला आकडा खाली ठेवला. तळव्याला दोन फोड आले होते.

"दोर…" तो म्हणाला. "दोर अर्धा झाला होता."

बाबालालांनी नवा दोर खांद्यावर टाकला आणि कप्पीला ओवायला निघून गेले.

*

पुण्याला परतल्यावर ओजसनं पहिल्यांदा बारा पावलांची ती सूचना काढून टाकली. उंबरवेस ताबडतोब गुदमरली. एकशे त्रेचाळीस माणसं एकदम जागी झाली आणि मशीननं मान टाकली. म्हाताऱ्याचं ऐकून आपण स्वतःचं हसं करून घेतोय, असं त्याला क्षणभर वाटलं.

मग त्याला ती बाई आठवली. त्यानं तिला पाहिलंच नव्हतं. तिचा चेहरा, लुगड्याचा रंग, शेळ्या काळ्या की करड्या, काहीच ठाऊक नव्हतं. ओला काठ आणि भरलेला पोहरा, एवढंच तिनं मागं ठेवलं होतं. आणि तेवढ्यावरून ती होती, याबद्दल त्याला काडीचा संशय नव्हता.

म्हणजे नजरेबाहेरचा माणूस दाखवायची गरज नव्हती. त्याचं काम तेवढं चालू ठेवायचं होतं आणि कामाची खूण मागं राहू द्यायची होती. एवढा भार मशीन हसत उचलतं.

तो लिहायला बसला. एकशे त्रेचाळीस माणसांपैकी प्रत्येकाला त्यानं एकेक काम दिलं, ज्याच्याशी जासुदाचा काही संबंध नाही. लोहाराला एक नांगर सांधायचा होता, तो चार दिवस सांधत राहणार. पहारेकऱ्याचं बायकोशी भांडण होतं. ओसरीवरची म्हातारी भाकरी स्वतःच खाणार होती. आणि आडावर येणाऱ्या प्रत्येकानं जाताना पोहरा पुढच्यासाठी भरून ठेवायचा.

"जासूद आला, की ही माणसं काय करणार?" मैथिलीनं त्याच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"वेळ असेल तर बघतील त्याच्याकडं."

मैथिलीनं खुर्ची जवळ ओढली आणि शेळ्यांच्या घंटा लांब जाताना कशा ऐकू येतात, ते करायला घेतलं.

पंधरावा दिवस उजाडला. होनरावबाई आल्या. मागच्या वेळी त्यांनी जाताना सांगितलं होतं, "सगळे अंगावर येतात हो. मला आमच्या जावयाची दया आली. आमच्याकडं आला, की बिचाऱ्याची हीच गत होत असणार."

आज त्या वेशीतून आत गेल्या आणि कुणी उठलं नाही. पहारेकऱ्यानं हातानंच 'जा' म्हटलं. बाई जरा बावरल्या. लोहारापाशी उभ्या राहिल्या. तो घाव घालत होता. त्यानं मान वर केली, "जरा सरा, ठिणगी उडेल," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

साहेबांनी ओजसकडं पाहिलं. संपलं, असं ओजसला वाटलं. बाई आता कंट्रोलर ठेवणार.

दहा मिनिटं झाली. बाई एका गल्लीत वळल्या. एका घराचा उंबरा नुकताच सारवलेला होता. त्या उगाचच तिथं थांबल्या, मग पाय न लावता बाजूनं गेल्या.

वीस मिनिटं झाली.

आडापाशी कुणी नव्हतं. काठ ओला होता आणि काठावर पोहरा भरलेला होता. लांब कुठंतरी घंटा वाजत होत्या. बाईंनी त्या दिशेला मान वळवली. वाट रिकामी होती.

त्या पाणी प्यायल्या. पोहरा रिकामा झाला. त्या निघाल्या.

चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

मग वळल्या. परत आल्या. पोहरा आत सोडला. ओढला. काठावर ठेवला. आणि निघून गेल्या.

हे करा असं त्यांना पडद्यावर कुणी सांगितलं नव्हतं. केल्याबद्दल काही मिळालं नाही. गुण नाहीत, टाळी नाही, साधा टिंग असा आवाजसुद्धा नाही. पोहरा सोडता-ओढता येईल, यापलीकडं ओजसनं तिथं काही लिहिलंच नव्हतं.

मैथिलीनं ओजसचा दंड घट्ट धरला होता. ओजसला रडू येत होतं आणि ते त्यानं येऊ दिलं.

होनरावबाई दीड तासानं उठल्या. चहा गार झाला होता. साहेबांनी तो गार चहाच पिऊन टाकला आणि 'बंद' हा शब्द पुन्हा काढला नाही. "मोठं करू या हे," एवढंच ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओजस मोरदऱ्याचा घाट जवळजवळ पळत चढला.

बाबालाल चिंचेखाली पाठमोरे बसून सुपातले हुलगे निवडत होते. ओजसनं आडापासूनच बोलायला सुरुवात केली. श्वास लागला होता, तरी थांबवेना. काठावरचा पोहरा उचलून तो गटागटा प्याला आणि दोन घोटांच्या मध्येही बोलतच होता.

"बाबा, ती बाई परत वळली! भूगोलाच्या बाई! मी काही लिहिलं नव्हतं… शप्पथ. चार पावलं पुढं गेल्या होत्या त्या. मला वाटलं, गेल्या. आणि वळल्या, बाबा! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं…"

बोलता बोलता त्याचे हात पोहरा आत सोडत होते. नवा दोर तळहाताला ओळखीचा लागला. कप्पी करकरली. "आम्ही अख्खी खोली बघत होतो म्हणा, पण त्यांच्या लेखी तिथं कुणी नव्हतं…" पोहरा वर आला. त्यानं तो काठावर टेकवला, ओले हात केसांवरून फिरवले आणि ओट्याकडं आला.

बाबालालांनी ऐकून घेतलं. हुलग्यातला एक खडा काढून लांब फेकला.

"दीड तास बसल्या, बाबा! दीड तास!"

"बरं झालं."

ओजस समोर मांडी घालून बसला.

"म्हणजे… तुम्हाला जे सांगायचं होतं, ते मला कळलं ना, बाबा?"

हुलगे निवडणं चालू राहिलं.

"निदान एवढं तरी सांगा. मी शिकलो की नाही काही?"

बाबालालांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठले आणि आडाकडं चालू लागले. ओजस त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. एखाद्या पोरानं पाटी तपासून घ्यायला द्यावी, तसा त्याचा जीव खालीवर होत होता.

म्हातारा काठाशी थांबला. पोहऱ्यातलं पाणी अजून हलत होतं. त्यावर चिंचेचं एक पान गोल फिरत होतं. बाबालालांनी ते बोटानं काढलं, ओंजळ भरली आणि डोळे मिटून सावकाश प्याले.

मग मिशी पुसत, ओजसकडं न बघता, वाटेच्या दिशेनं नजर टाकून म्हणाले,

"कुणीतरी येऊन गेलेलं दिसतंय."